कारखान्यातला संगणक आणि १,३४७ ‘चुका’: रजिस्ट्री क्लीनर विकत घ्यावा का?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेल विणण्याचा लहानसा कारखाना आहे. शेडला लागून असलेल्या कचेरीत २०१८ साली घेतलेला एक डेस्कटॉप असून आठव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १० असा त्याचा जामानिमा आहे. बिले, ई-वे बिले, जीएसटीची विवरणपत्रे आणि सुताच्या खरेदीचा हिशेब, यापलीकडे त्यावर काही चालत नाही. वर्षभरापासून सकाळी बटण दाबल्यावर तो कामाला तयार होईपर्यंत चार मिनिटे जातात. दुपारी तर तो असा अडकतो की गाडी भरून दारात उभी असते आणि आम्ही पडद्यावरचे गोल गोल फिरणारे चिन्ह पाहत बसतो.

गेल्या आठवड्यात ओळखीतून आलेल्या एका मुलाने रजिस्ट्री (विंडोजची आतली नोंदवही) स्वच्छ करणारा एक प्रोग्राम टाकला. मिनिटभरात पडद्यावर लाल अक्षरांत ‘१,३४७ चुका सापडल्या’ असे आले आणि त्यातल्या पन्नासच फुकट दुरुस्त होतील, बाकीच्यांसाठी वार्षिक वर्गणी भरा, असे त्याखाली होते. मुलाचेही म्हणणे तेच पडले. शिवाय सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. १०० जीबीपैकी जेमतेम ८ जीबी शिल्लक आहेत.

माझे प्रश्न दोन. या १,३४७ चुका खरोखर चुका आहेत का, आणि त्या काढल्याने संगणक वेगवान होईल का? दुसरे, डिस्क क्लीनअप चालवले तर काही फरक पडेल का? वर्गणीची रक्कम फार मोठी नाही, पण कशाचे पैसे देतो आहोत हे कळल्याशिवाय द्यायला मन घेत नाही.

सात रस्ता

टॉवेलवाले दादा, पैसे देण्याआधी दोन दिवस थांबा. माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि असे क्लीनर टाकून देण्याचे पैसे घेणारे व्यवसायबंधू मला ठाऊक आहेत, म्हणून सांगतो. संगणक दुपारी अडकेल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा; टास्क मॅनेजर उघडेल. त्यातला डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटलेला आहे का, मेमरी किती भरली आहे आणि प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्‌झमध्ये किती दिसतो, या तीन गोष्टी कागदावर लिहून इथे टाका. रोग कुठे आहे हे त्या तीन आकड्यांवरून बऱ्यापैकी कळते.

सी ड्राइव्हची लाल पट्टी हा वेगळा विषय आहे. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ती पट्टी लाल करते. आपल्याकडे यंत्र बसवून देताना १ टीबीच्या डिस्कमधले १०० जीबी सी ला देऊन उरलेल्याचे डी, ई, एफ असे तुकडे पाडण्याची जी जुनी रीत आहे, तिचा हा परिणाम आहे. तुमचा डी ड्राइव्ह बहुधा रिकामाच असेल.

कडक भाकरी

माझा अनुभव थोडा निराळा आहे, म्हणून लिहितो. मी विंडोज ९८ पासून रजिस्ट्री क्लीनर वापरत आलो आहे. दर महिन्याला एकदा चालवतो, नंतर संगणक पुन्हा सुरू करतो आणि तो हलका झाल्याचे स्पष्ट जाणवते. काढून टाकलेल्या प्रोग्रामांच्या नोंदी रजिस्ट्रीत तशाच पडून राहतात, ही गोष्ट तर कोणी नाकारणार नाही. घरात अडगळ साचली की वावरायला त्रास होतो. संगणकाचे तरी वेगळे का असावे? सर्वच क्लीनर फसवे आहेत, असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खडूफळा

कडक भाकरी यांचे पहिले वाक्य महत्त्वाचे आहे, कारण विंडोज ९८ च्या काळात त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. मी संगणकशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात निघतो, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि त्यावरच्या प्रोग्रामांच्या मांडणीची नोंदवही. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपली मांडणी आयएनआय नावाच्या सुट्या मजकुरी फाइलींमध्ये ठेवत असे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री प्रथम आली ती मर्यादित कामापुरती, आणि विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यात गेला. ९५ आणि ९८ मध्ये ही नोंदवही दोन फाइलींत असे आणि त्या काळच्या यंत्रांत रॅम १६ किंवा ३२ एमबी असे. नोंदवही फुगली की ती जागा खरोखर अडत होती, शिवाय ती बिघडण्याचे प्रमाणही मोठे होते. म्हणूनच विंडोज ९८ रोज तिची प्रत काढून शेवटच्या पाच प्रती जपून ठेवत असे. खुद्द मायक्रोसॉफ्टने त्या काळात रेगक्लीन नावाचे मोफत साधन दिले होते. पुढे ते त्यांनीच मागे घेतले. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या फाइली मेमरीच्या एका मर्यादित भागात आख्ख्या चढवल्या जात, त्यामुळे तिच्या एकूण आकाराला बंधन होते. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ही रचना बदलली. आता फाइलीचा जेवढा भाग लागतो तेवढाच मेमरीत आणला जातो. बाकीचा डिस्कवर निजलेला असतो आणि कोणाच्या अध्यात मध्यात येत नाही.

आता अडगळीच्या दाखल्याबद्दल. घरात अडगळ त्रास देते, कारण आपण तिच्यामधून वाट काढत चालतो. रजिस्ट्रीत कोणी असे चालत नाही. प्रत्येक प्रोग्राम आपल्याला हव्या असलेल्या नोंदीचा पूर्ण पत्ता देऊन तीच मागतो. वरच्या शाखेतून खालच्या शाखेत, प्रत्येक पायरीला नावानुसार लावलेल्या यादीत शोध होतो आणि काही पावलांत काम संपते. बुधवार पेठेतल्या घराचे पत्र टाकणाऱ्या पोस्टमनला साखर पेठेत किती घरांना कुलूप आहे याच्याशी काय देणेघेणे? काढून टाकलेल्या प्रोग्रामाची नोंद कोणी मागतच नाही, म्हणून ती कोणाला अडवतही नाही.

आकाराचाही हिशेब करून पाहू. एका नोंदीला सढळ हाताने ३०० बाइट धरले तरी १,३४७ नोंदी मिळून सुमारे ०.४ एमबी होतात. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट मोठे असते. आणि गंमत अशी, की नोंद पुसली तरी रजिस्ट्रीची फाइल लगेच लहान होत नाही. त्या जागेवर ‘मोकळी’ अशी खूण पडते आणि पुढची नोंद तिथे बसते.

‘हलका झाल्याचे जाणवते’ याबद्दल मात्र सावध असावे. क्लीनर चालवल्यानंतर तुम्ही संगणक पुन्हा सुरू करता, आणि फरक त्या पुन्हा सुरू करण्याने पडतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ असल्यामुळे साध्या शटडाऊनने विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्ट केले तरच सगळे नव्याने सुरू होते. महिन्यातून एकदा क्लीनर न चालवता नुसते रीस्टार्ट करून पाहावे. वेळ मोजायचा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स या शाखेत १०० क्रमांकाची नोंद शोधावी. संगणक सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले, हे विंडोजने स्वतःच तिथे लिहिलेले असते.

लग्नपत्रिका

वेग वाढतो की नाही यावर मला काही म्हणायचे नाही, पण क्लीनरने नुकसान कसे होते ते मी भोगलेले आहे. माझे डीटीपीचे काम आहे. पत्रिकांसाठी युनिकोडपूर्व काळातले एक मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर मी अजून वापरते, कारण जुन्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली त्याच फॉन्टमध्ये आहेत. त्याचे फॉन्ट आणि काही भाग जागेअभावी मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले होते. ऐन लग्नसराईत एका भल्या गृहस्थाने मदत म्हणून क्लीनर चालवून दिला, आणि त्या क्षणी ती डिस्क संगणकाला जोडलेली नव्हती.

पुढे काय झाले असेल ते जाणकारांच्या लक्षात आले असेलच. क्लीनरची ‘चूक’ शोधण्याची पद्धत अशी असते, की नोंदीत लिहिलेली फाइल त्या पत्त्यावर सापडली नाही तर नोंद अनाथ ठरवायची. डिस्कच जोडलेली नाही म्हटल्यावर माझ्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या नोंदी एका फटक्यात अनाथ ठरल्या. संध्याकाळी डिस्क जोडली तेव्हा कळफलकाची मांडणी गायब होती, परवाना ओळखला जात नव्हता आणि ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी चौकोनांची रांग उभी होती. सतरा पत्रिका अडकल्या.

दुकानातल्या मुलाने रजिस्ट्रीची जुनी प्रत शोधायला विंडोजमधला रेगबॅक नावाचा फोल्डर उघडला. फाइली होत्या, नावेही बरोबर होती, फक्त प्रत्येकीपुढे आकार लिहिला होता शून्य केबी. रिस्टोअर पॉइंटची, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेण्याची, सोय तर कधी चालूच केलेली नव्हती. सगळे नव्याने टाकण्यात दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत मुलीकडच्यांचे किती फोन आले ते विचारू नका.

सात रस्ता

ताई, त्या शून्य केबीचा धक्का आम्हीही खाल्लेला आहे. पूर्वी विंडोज त्या फोल्डरमध्ये रजिस्ट्रीची प्रत आपोआप ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून जागा वाचवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ते बंद केले आणि रिकाम्या फाइली तेवढ्या उरल्या. ज्यांना काहीही नवे टाकायचे किंवा काढायचे आहे त्यांनी आधी सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोअर पॉइंट हाताने करून ठेवावा. बहुतेक यंत्रांवर ही सोय बंदच सापडते.

कडक भाकरी

खडूफळा सर, पोस्टमनचा दाखला पटला. रीस्टार्टची गोष्ट तर मनाला थोडी लागलीच, कारण इतकी वर्षे श्रेय चुकीच्या माणसाला देत होतो असे दिसते. तरी एक शंका राहते. हे सर्व इतके स्पष्ट असेल तर नावाजलेल्या कंपन्या हे प्रोग्राम बनवतात तरी कशाला, आणि मायक्रोसॉफ्ट गप्प का बसते?

खडूफळा

मायक्रोसॉफ्ट गप्प बसलेली नाही. रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आपला पाठिंबा नाही, त्यातून बिघाड झाल्यास तो दुरुस्त होईलच याची हमी देता येत नाही आणि प्रसंगी विंडोज नव्याने टाकावे लागेल, अशी त्यांची लेखी भूमिका अनेक वर्षांपासून आहे. पुढे १ मार्च २०१८ पासून त्यांनी आपल्या डिफेंडर या सुरक्षा प्रोग्रामला असे प्रोग्राम नको असलेले सॉफ्टवेअर म्हणून पकडायला सांगितले, जे फुकट तपासणीत घाबरवणारे किंवा अतिरंजित संदेश दाखवून पैसे भरायला लावतात. टॉवेलवाल्यांच्या पडद्यावरची ती लाल अक्षरे नेमकी याच जातीची वाटतात.

नावाजलेल्या कंपनीचा म्हणाल, तर सीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रामाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला आणि तो कंपनीच्याच अधिकृत सर्व्हरवरून, कंपनीच्याच सहीनिशी वाटला गेला. कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार सुमारे २२.७ लाख संगणकांवर ती आवृत्ती पोचली होती. एकदा एखाद्या प्रोग्रामला यंत्राच्या गाभ्यापर्यंत हात घालायची परवानगी दिली, की तो प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या घराची कुलुपेही आपलीच काळजी होऊन बसतात.

तपासणीचा निकाल आधीच ठरलेला असू शकतो, याचाही दाखला आहे. अमेरिकेत ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाशी तडजोड करून मिळून ३.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आरोप असा होता, की तपासणी सुरू होण्याआधी गिऱ्हाइकाला ‘संगणक मंद झाला आहे का’ अशा धर्तीचे चार प्रश्न विचारले जात आणि त्यांतल्या एकाचेही उत्तर हो आले, तर प्रोग्राम घातक सॉफ्टवेअरची लक्षणे सापडल्याचे सांगत असे. प्रत्यक्ष तपासणीचा त्या निकालाशी संबंधच नव्हता.

टॉवेलवाल्यांना जमले तर त्यांनी एक प्रयोग करावा. पुढे कधी विंडोज नव्याने टाकण्याची वेळ आली, तर एकही प्रोग्राम टाकण्याआधी तोच क्लीनर चालवून पाहावा.

टॉवेलवाला

सर्वांचे आभार. सात रस्ता यांनी सांगितलेले तीन आकडे आज दुपारी साडेतीनला घेतले: डिस्क १०० टक्के, मेमरी ८७ टक्के आणि प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्‌झ. बाहेर ऊन मी म्हणत आहे.

सात रस्ता

तो शेवटचा आकडा पुन्हा एकदा तपासा. तुमचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्‌झच्या वरचा आहे. काम नसताना तो आपणहून खाली येतो, पण अडकलेला असताना ०.८ दिसत असेल तर तो तापला आहे आणि जीव वाचवायला स्वतःला आवरून घेतो आहे. कॅबिनेट उघडण्याआधी वीज बंद करा. आत काय सापडेल याचा मला अंदाज आहे, पण तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

तोवर दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. डिस्क क्लीनअप आणि रजिस्ट्री क्लीनर यांना एका माळेत ओवू नये. डिस्क क्लीनअप हे विंडोजचे स्वतःचे साधन आहे आणि ते जे करतो म्हणते ते करते, म्हणजे जागा मोकळी करते. वेगाशी त्याचा संबंध फक्त एका परिस्थितीत येतो: सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असेल तेव्हा. मग अपडेट उतरवायला जागा राहत नाही, ती अर्धवट अडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, पेजफाइलला (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरते तिला) वाढायला वाव उरत नाही आणि फिरत्या डिस्कवर नव्या फाइलींचे तुकडे विखरून पडतात. तुमचा ड्राइव्ह या अवस्थेला आला आहे, म्हणून तुम्ही ते जरूर चालवा. ज्याचा निम्मा ड्राइव्ह मोकळा आहे त्याला आणखी दहा जीबी मोकळे करून वेगात काहीही मिळणार नाही.

चालवताना ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ हे बटण दाबल्याशिवाय खरा ऐवज दिसत नाही. विंडोज अपडेटचे जुने अवशेष, तात्पुरत्या फाइली, रीसायकल बिन यांवर डोळे झाकून खूण करावी. मोठ्या अपडेटनंतर राहिलेला विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर दहा दिवसांनी आपोआप जातो. नवी आवृत्ती नीट चालते याची खात्री असेल तर आधीही काढता येतो, पण मग मागे फिरण्याची वाट बंद होते. डाउनलोड्सच्या खुणेवर मात्र बारीक लक्ष असू द्या. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने डाउनलोड्स फोल्डरही या यादीत आणून बसवला होता आणि सगळ्याच खुणा करण्याची सवय असलेल्यांचे त्यात हात पोळले. पुढे तो काढला गेला. सेटिंग्जमधल्या तात्पुरत्या फाइलींच्या यादीत तो आजही दिसतो. आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या जीएसटीच्या जेसन फाइली, चलने आणि बँकेचे उतारे याच फोल्डरात वर्षानुवर्षे पडलेली असतात, हे मी रोज पाहतो.

काही गोष्टींना हात लावू नये. प्रीफेच फोल्डर रिकामा करा, असा सल्ला यूट्यूबवर सर्रास मिळतो. कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली लागतात याची टिपणे विंडोज त्यात ठेवते. ती पुसली की पुढचा काही वेळ प्रोग्राम उलट सावकाश उघडतात. ब्राउझरचा कॅशे रोज पुसणेही तसेच. विनएसएक्सएस हा फोल्डर आकाराने प्रचंड दिसतो, परंतु त्यातल्या पुष्कळशा फाइली हार्ड लिंकने जोडलेल्या असल्यामुळे एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. तो हाताने पुसला तर विंडोज बसलेच समजा. डिझम हा आदेश वापरून त्याची रीतसर साफसफाई करता येते आणि डिस्क क्लीनअपमधली अपडेटची खूणही बरेचसे तेच काम करते.

जुळे सोलापूर

एक उपप्रश्न. माझ्या लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आहे आणि तीही भरत आली आहे. हायबरफिल नावाची फाइल जवळजवळ सव्वातीन जीबी खाऊन बसली आहे, ती काढावी का? आणि एसएसडी डीफ्रॅग करावी का, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावावेत का?

सात रस्ता

तुमची रॅम ८ जीबी असणार. ती फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते. हायबरनेट (चालू अवस्था डिस्कवर लिहून संगणक बंद करणे) आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही वापरायचे नसतील तर पॉवरसीएफजीच्या आदेशाने हायबरनेट बंद करा, फाइल आपोआप जाईल. हाताने पुसायला जाऊ नका. एसएसडीसाठी बाहेरचे डीफ्रॅग मुळीच नको. विंडोज ठरलेल्या वेळी ट्रिमची, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते डिस्कला कळवणारी, सूचना स्वतःच देत असते.

टॉवेलवाला

उशिराबद्दल क्षमा असावी. मध्ये दोन मोठ्या ऑर्डरी होत्या. आता एकेक करून काय केले आणि काय घडले ते लिहितो. प्रत्येक पायरीनंतर रीस्टार्ट करून खडूफळा सरांनी सांगितलेली १०० क्रमांकाची नोंद पाहिली.

पहिल्या दिवशी फक्त डिस्क क्लीनअप. डाउनलोड्समधली जीएसटीची सगळी कागदपत्रे आधी डी ड्राइव्हवर हलवली, कारण त्यांत २०१९ पासूनची चलने निघाली आणि अंगावर काटा आला. ८ जीबीची मोकळी जागा २७ जीबी झाली, पट्टी लालची निळी झाली आणि तीन महिने अडलेली एक अपडेट त्याच रात्री बसली. सुरू होण्याचा वेळ चार मिनिटे आठ सेकंदांवरून तीन मिनिटे बावन्न सेकंदांवर आला. म्हणजे फरक पडला, पण चहाचा पेला संपेपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडले. सात रस्ता यांचा अंदाज काय होता ते आता कळले. शेडमधून उडणारे सुताचे तूस सात वर्षे पंख्यातून आत ओढले जात होते. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर बोटभर जाडीचा, राखी रंगाचा, एकसंध थर बसला होता. चिमट्याने कोपरा धरून ओढला तर तो चौकोनी तुकडा अखंड निघून हातात आला. आमच्याच मालाचा नमुना, फक्त काठ शिवायचे बाकी. पंख्याची हवा त्यातून जाणार कशी? ब्लोअरने सगळे साफ केले, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. त्या दुपारी बाहेर पारा ४२ च्या पुढे असतानाही वेग ३.६ गिगाहर्ट्‌झवर टिकून राहिला आणि दुपारचे अडकणे त्या दिवसापासून थांबले. सकाळचा वेळ मात्र जवळजवळ तेवढाच राहिला, आणि ते साहजिकच आहे, कारण सकाळी तो गार असतो.

तिसऱ्या खेपेला एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्यामुळे सात रस्ता यांच्या सल्ल्याने त्या एसएसडीवर थेट विंडोज ११ टाकले. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याला चालतो. बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय तेवढी बंद होती, ती चालू करावी लागली. जुनी हार्ड डिस्क साठवणीपुरती ठेवली. आता बटण दाबल्यापासून बावीस सेकंदांत बिल करता येते. आमच्या मुनीमजींना सकाळी चहाला जायला सबब राहिली नाही, याबद्दल ते थोडे नाराज आहेत.

कडक भाकरी

म्हणजे हार्ड डिस्कच मूळ दोषी?

खडूफळा

सकाळच्या चार मिनिटांपुरती, होय. फिरत्या डिस्कला दर वेळी आपला काटा योग्य ठिकाणी नेऊन तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते, त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना ती सेकंदाला शंभराच्या आसपास वाचने करू शकते. साधी एसएसडीही तेवढ्या वेळात हजारो करते. विंडोज सुरू होताना अशाच हजारो लहान वाचनांची झुंबड असते आणि त्यात ४ जीबी रॅम अपुरी पडली की पेजफाइलचा भारही त्याच डिस्कवर येतो. टॉवेलवाल्यांनी ८७ टक्के मेमरी लिहिली तेव्हाच ते दिसत होते.

टॉवेलवाले, त्या प्रयोगाचे काय झाले?

टॉवेलवाला

केला, सर. विंडोज ११ नुकतेच टाकलेले होते, हिशेबाचे सॉफ्टवेअर नाही, प्रिंटरही जोडलेला नाही. आधी रिस्टोअर पॉइंट केला आणि मग त्याच मुलाने ठेवून दिलेला तोच क्लीनर टाकून तपासणी लावली. मिनिटभराने तीच लाल अक्षरे आली: ‘२६३ चुका सापडल्या. आपला संगणक धोक्यात आहे.’ त्या पडद्याचे छायाचित्र काढून मुलाला पाठवले. त्याने विचारले, ‘काका, मग वर्गणी भरायची का?’